विहिरीत पारखलेला सूट

हसणार तर तुम्ही आहातच. म्हणून म्हणतो, आधी हातातला चहा संपवा. मधेच ठसका लागला तर त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटायचं! आयुष्यात घोडचुका मी पुष्कळ केल्या, पण बाकीच्यांना निदान काहीतरी सबब होती. हिला नाही. ही मी पूर्ण शुद्धीत, भर दुपारी, चार माणसांसमोर छाती काढून केली.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. पांढुर्णा तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात होतं आणि मी नागपूरच्या एका दैनिकाचा तिथला वार्ताहर होतो. वार्ताहर कसला, भांडखोर! कापसाच्या मापात खोट दिसली की भांडायचो. बस उशिरा आली की भांडायचो. वेळेवर आली तर गर्दीवरून भांडायचो. पण माझं खरं वैर होतं ते पातळपणाशी. वसतिगृहातली पातळ डाळ, सडकेवरचा डांबराचा पातळ थर, शाळेतल्या पोरांना वाटलेलं आरपार दिसणारं कापड. जिथे पातळ, तिथे कुणीतरी मधल्यामधे खाल्लेलं आहे, हे माझं सूत्र. बहुतेक वेळा ते खरंही निघायचं. तिथेच तर घात झाला!

माझा बालमित्र वसंता सौंसरजवळच्या बोरगावचा. संत्र्याचा बगीचा, अंगानं काटक, बोलायला कमी. पण आसपासच्या गावांत त्याचं नाव होतं. कुणाच्या विहिरीत घागर पडो, बादली पडो, मोटरचा पाना पडो, बोलावणं वसंताला. श्वास कोंडून हा गडी तळाशी जायचा, गाळात चाचपडायचा आणि वस्तू घेऊनच वर यायचा.

"खाली दिसते काय बे?" मी एकदा विचारलं.

"दिसते काय? अंधार! हातानंच पाहा लागते." मग म्हणाला, "दिग्या, एवढ्या विहिरींचे तळ हातानं पाह्यले. एखादा डोळ्यानं पाह्यला मिळाला असता तर मजा आली असती, नाही?"

एवढंच. पण माझ्या डोक्यात ते बसलं.

आणि अचानक संधी चालून आली. माझा भाचा प्रदीप मुंबईच्या एका कंपनीत पाणबुड्या होता. जहाजांच्या बुडाची दुरुस्ती हे त्यांचं काम. त्या कंपनीनं नवी टूम काढली, की हौशी लोकांना लक्षद्वीपला न्यायचं, पाठीवर हवेचं सिलिंडर बांधायचं आणि समुद्राचा तळ दाखवून आणायचं. पहिल्या खेपेला नोकरांच्या घरची आणि ओळखीची माणसं फुकट न्यायची ठरली. म्हणजे काही बिनसलंच तर बोभाटा नको! असं मी तेव्हाही म्हणालो होतो, आजही म्हणतो.

मी वसंताचं नाव दिलं. सोबतीला माझं. वसंतानं आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. बातमी ऐकून तो उठला आणि बगीच्यात पाणी फिरवायला गेला. सुमन वैनी म्हणाल्या, "भाऊजी, रात्रभर झोपले नाहीत हे. कूस बदलून राहिले नुसते."

एप्रिलात प्रदीप एका लग्नासाठी आला तो भलीमोठी ट्रंक घेऊन. आत पाणबुड्यांचे रबरी सूट. काळे, मऊ, पायापासून गळ्यापर्यंत एकसंध, पाठीवर चेन.

"मामाजी, यात जाडही आहेत, पातळही. घालून पाहा, तुमच्या मापाचे दोन ठेवा, बाकीचे ट्रंकेत भरून मला द्या. मी दोन दिवस नागपूरला जाऊन येतो. पण पातळच घ्या हां. तिथलं पाणी कोमट असते."

"कोमट? समुद्र काय चुलीवर ठेवला आहे?"

"मामाजी, मी त्यातच काम करतो ना!"

"मग जाड कायले आणले?"

"ट्रंक कंपनीनं भरली. जाड सूट थंड समुद्रासाठी असतात. साहेब लोक बाहेरदेशी जातात ना, त्यांच्यासाठी."

साहेबांसाठी! ऐकलंत? साहेबांना जाड आणि पाहुण्यांना पातळ! माझे कान जे उभे राहिले ते खाली येईनात. पातळ सूट चिमटीत धरून पाहिला. त्याच्यापेक्षा आमच्या पोस्टमनची सायकलची ट्यूब जाड होती. पोरगा भोळा, त्याला काय कळणार कंपनीचं राजकारण? मी गप्प बसलो. मी गप्प बसतो ना, तेव्हा लोकांनी खरं तर घाबरायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन मी बोरगावला. म्हटलं, ऐकीव माहितीवर चालणार नाही, पारख करू. कुठे? वसंताच्या विहिरीत! तुम्ही आमच्याकडची विहीर उन्हाळ्यात पाहिली आहे का? वर ऊन डोकं फोडत असतं आणि खाली उतरावं तसं पाणी गार, गार, अजून गार. तळाशी तर दात वाजतात. मी म्हटलं, या एवढ्याशा विहिरीत ही गत, तर समुद्राच्या तळाशी काय असेल? विचार करा! कॉलेजात शिकलेला माणूस मी. तर्क कसा बिनतोड होता!

वसंतानं आधी पातळ सूट घातला. झटकन अंगावर चढला. सूर मारला, तळाशी गेला, मूठभर गाळ घेऊन वर आला. चेहरा फुललेला.

"दिग्या, आंगात काही आहे असं वाटतच नाही बे!"

"पण दात काऊन वाजून राहिले तुझे?"

"ते तर नेहमीच वाजतात."

विहिरीच्या काठावर बसलेल्या वैनींनी सूट उतरल्या उतरल्या गळ्यापाशी केशरी धाग्याचा एक टाका घातला. "बाकीच्यात मिसळाले नको, यांना हाच आवडला."

"थांबा वैनी, घाई नको," मी म्हणालो. "अजून दुसरी बाजू ऐकायची आहे."

मग जाड सूट. तो अंगात चढवायला मी, वैनी आणि बगीच्याचा राखणदार असे तिघं लागलो. वसंताला त्यात हात खाली सोडता येईनात, दोन्ही बाजूंना अधांतरी राहिले. तसाच त्यानं सूर मारला आणि काय सांगू, बुडालाच नाही! धप्पकन पडला आणि वाळलेल्या भोपळ्यासारखा तरंगत राहिला. आमच्याकडे पोरं पाठीला भोपळा बांधूनच पोहायला शिकतात. काठावर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"थंडी वाजते का?" मी वरून ओरडलो.

"नाही वाजत. पण दिग्या, खाली जाता येऊन नाही राहिलं ना!"

"बुडून नाही राहिला, हेच तर पाहिजे आपल्याला!"

"पण मले तर बुडालेच जायचं आहे ना बे?"

या वाक्याशी मी थांबायला हवं होतं. सगळं त्यात होतं. पण माझ्यासमोर लोक जमले होते हो! लोक जमले की मला भाषण येतं. कमरेवर एक हात, दुसऱ्या हाताचं बोट वर. डाळीपासून सुरुवात केली, डांबरावर आलो, तिथून सुटाच्या जाडीवर. "आम्ही पांढुर्णा-सौंसरची माणसं काय दुय्यम आहोत? साहेबाला जाड आणि आम्हाला पातळ? का म्हणून?" लोक म्हणाले, "बरोबर आहे, बरोबर आहे." वसंता खालून तरंगता तरंगता म्हणाला, "बरं बावा. तू शिकलेला आहेस."

दोन जाड सूट ठेवले. पातळ सगळे ट्रंकेत, केशरी टाक्यासकट. दोन दिवसांनी प्रदीपची गाडी पांढुर्ण्याला थांबली तेव्हा मी ट्रंक डब्यात ढकलली.

"निवडले मामाजी?"

"निवडले!"

"पातळच ना?"

"तू काळजीच करू नको!" गाडी हलली. खोटं बोललो का मी? मुळीच नाही. फक्त उत्तर दिलं नाही. ज्यांच्यावर मी आयुष्यभर बातम्या केल्या ते सगळे अधिकारी असंच बोलायचे.

मे महिन्यात आम्ही कोचीनहून जहाजानं बेटावर पोचलो. वसंता अख्खा प्रवास कठड्याला धरून उभा होता. पाणी निळं झालं, मग हिरवं झालं, मग काचेसारखं झालं. तो एकदाच बोलला, "दिग्या, वरूनच एवढं दिसते. खाली काय असंल गा!"

बुडी मारायला एकच दिवस होता, दुसऱ्या दिवशी जहाज परत. भर दुपारी होडी किनाऱ्यापासून आत गेली. सोबत पुण्याचे एक डॉक्टर आणि त्यांची पत्नी होती, दोघं ट्रंकेतले पातळ सूट घालून. आम्ही आमचे सूट बाहेर काढले आणि प्रदीपचा चेहरा पडला.

"मामाजी! हे तर थंड समुद्राचे! मी ट्रंक थेट इथं येऊन उघडली, पाह्यलंच नाही."

"निवडून आणले आहेत. विहिरीत पारखून!"

"विहिरीत?" त्यानं कपाळावर हात मारला. "राहू द्या ते. बाकीचे पातळ किनाऱ्यावर राह्यले, नुसत्या बनियनवर उतरा दोघं. पाणी कोमट आहे, हात घालून तर पाहा!"

बनियन! आधी पातळ, आता काहीच नाही! माझा संताप अनावर झाला. "पुण्याच्या पाहुण्यांना सूट आणि आमच्या माणसाला बनियन? काऊन? आम्ही काय उघड्यावर पडलो?"

वसंतानं होडीच्या बाजूनं हात खाली सोडून पाणी चाचपलं. "दिग्या, कोमटच आहे गा खरोखर. बनियनवर जातो ना मी."

"वसंता, हा मानाचा प्रश्न आहे. घाल!"

त्यानं घातला. चेन मी ओढली. पार वर, मानेपर्यंत. ती चेन पाठीवर असते, ज्याची त्याला उघडता येत नाही. हे मी आज जरा सावकाश सांगतोय, कारण एवढी एक गोष्ट अजून मला हसून सांगता येत नाही.

"आधी मी जातो," मी म्हणालो. "पाहा आणि शिका!" आणि उडी मारली.

कुठला तळ आणि कुठलं काय! बुडबुडा जसा वर येतो तसा मी वर आलो आणि उलट्या कासवासारखा पाठीवर पडलो. प्रदीपनं माझ्या कमरेला शिशाचे तुकडे बांधले. मी तरंगतोय. त्यानं होडीतलं होतं नव्हतं ते शिसं बांधलं. मी तरंगतोय! दोन खलाशी माझे खांदे दाबताहेत, प्रदीप पाय ओढतोय आणि मी पाण्यावर आडवा पडून ओरडतोय, "हे शिसंसुद्धा हलक्या प्रतीचं आहे!" मला बुडवायचे प्रयत्न पांढुर्ण्यात अनेकांनी केले होते, पण इतक्या मनापासून कुणी नाही.

या सगळ्यात किती वेळ गेला कोण जाणे. सगळी होडी माझ्यात गुंतलेली. आणि वसंता? वसंता उन्हात फळीवर, गळ्यापर्यंत बंद, आपली पाळी यायची वाट पाहत बसलेला. मित्र अडचणीत आहे, आपण मधे कशाला बोलायचं, म्हणून गप्प.

धाडकन आवाज आला तेव्हा आम्ही वळून पाहिलं. घेरी येऊन पडला होता.

डॉक्टरांनी चेन उघडली, त्याला सावलीत ओढलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं? "माही पाळी आली का?"

"आज पाण्यात उतरायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "काही झालं तरी नाही."

या वेळी मी भांडलो नाही. 

मग प्रदीप डॉक्टरांच्या पत्नीला खाली घेऊन गेला. बाई वर आल्या त्या लहान मुलीसारख्या हसत. "अहो, खाली ऊन पोचतं! वाळूवर लाटांच्या सावल्या हलतात!"

वसंता पडल्या पडल्या कोपरावर उठला. "तळ दिसते का जी बाई?"

"स्वच्छ! आपल्या अंगणासारखा!"

तो त्यांच्याकडे पाहत राहिला. मग माझ्या लक्षात आलं, तो बाईंकडे नाही, त्यांच्या गळ्याकडे पाहतोय. तिथे केशरी धाग्याचा टाका होता.

"दिग्या," तो हळूच म्हणाला, "सुमनचा टाका टिकला गा."

यापेक्षा त्यानं मला समुद्रात ढकललं असतं तर बरं झालं असतं. पण तेही जमणार नव्हतं. मी बुडत नव्हतो!

कंपनीनं ती टूम त्या एका खेपेतच गुंडाळली. प्रदीप म्हणतो, कारणं वेगळी होती. त्याची आई, म्हणजे माझी सख्खी बहीण, म्हणते, एकच होतं. मी नंतर कुठे कुठे पत्रं टाकली, खटपटी केल्या, पण वसंताला पुन्हा कुणी समुद्रावर नेलं नाही. सौंसरच्या बस स्टँडवर लोक विचारायचे, "काय वसंतभाऊ, समुद्र कसा होता जी?" आणि हा शांतपणे सांगायचा, "गरम."

मला एका शब्दानं कधी बोलला नाही. मला वाटलं, विसरला.

त्या वर्षी संत्री रंगावर आली तेव्हा बोरगावला गेलो. बगीच्यात लांबून एक जाडजूड काळा माणूस उभा दिसला. जवळ जाऊन पाहतो तर तोच सूट! पेंढा भरून बुजगावणं केलेलं. वर मडक्याचं डोकं, मडक्याला माझ्यासारखा चष्मा, एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हाताचं बोट वर.

"हे काय बे, वसंता?"

"पाखरांसाठी."

"मग? घाबरतात का पाखरं?"

वसंतानं एक संत्रं तोडलं, सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

"नाही ना गा. येतात, समोर बसून भाषण ऐकतात, अन् मग आपलं खातात."