तोंगने साहेबांच्या हाताशी ठेवलेला पेला

चीनच्या युन्नान प्रांतातल्या मंगत्झ गावी परदेशी वकिलातीत चहा देण्याचं काम तोंग क्वेइशियांगकडे होतं. तिथली रीत जुनी. यजमानाने चहाचा पेला उचलला की भेट संपली. दाराशी उभ्या नोकराने पाहुण्यांची पालखी पुकारायची. वकिलातीच्या गोऱ्या कॉन्सुलसाहेबांना हे कधी उमगलंच नाही. म्हणून बोलणं आटोपेपर्यंत तोंग त्यांचा पेला दूरच्या तिवईवर ठेवी. साहेब त्याला आळशी म्हणत. तोंग मान डोलवी.

त्या वर्षी मेई आणि ख्वांग हे दोन सेनापती एकमेकांवर उठले होते. साहेब मेईला बंदुका विकणार, ही कुणकुण स्वयंपाकघरापर्यंत आली होती. बंदुका मिळाल्या की मेई ख्वांगच्या ताब्यातल्या लिनआनवर चालून जाणार होता. तोंगची मुलगी रुइझन लिनआनलाच दिलेली, टोफू करणाऱ्यांच्या घरी. तिला सातवा महिना होता.

"अहो, साहेबांना सांगून बघा," बायको म्हणाली.

"मी? मी चहा देतो."

"मग चहातच काहीतरी करा!"

"वेडी आहेस का? विष घालू?"

"माझ्या तोंडी घालू नका. मी पेल्याच्या रीतीचं बोलतेय."

सौद्याला आलेला मेईचा दूत म्हणजे जुन्या दरबारात वाढलेला म्हातारा, मानापानाचा फार कडक. तोंगने खारवलेलं डुकराचं मांस पुढे ठेवलं आणि साहेबांचा पेला थेट त्यांच्या हाताशी. बंदुकांचा भाव ठरत आला होता. साहेबांना तहान लागली. त्यांनी पेला उचलला.

तोंग दाराशी जाऊन खणखणीत ओरडला, "पाहुण्यांची पालखी आणा!"

दूत ताडकन उठला. त्याने साहेबांकडे पाहिलंही नाही.

"काय झालं याला?" साहेबांनी विचारलं.

"तब्येत बरी नसेल," दुभाष्या चाचरत म्हणाला.

मेईची माणसं पुन्हा आली नाहीत. बंदुकांचे पेटारे गोदामात पडून राहिले, तेव्हा साहेबांनी तोच माल ख्वांगला विकला. लिनआनवरची चढाई टळली. बायकोने देवापुढे उदबत्त्या लावल्या.

थोड्याच दिवसांत रुइझन एकटीच, पोट सावरत माहेरी आली.

"जावई कुठे?" आईने विचारलं.

"ख्वांगच्या पलटणीत नेलं. बंदुका ढीगभर आल्या ना गावात, धरायला माणसं कमी पडली. घरोघरी शिरून ओढून नेली."

"कुणी मेल्याने विकल्या ग?"

"काय ठाऊक," रुइझन म्हणाली.

"आमच्या साहेबांनी," तोंग म्हणाला, आणि तिच्या पाठीवरचं गाठोडं उतरवून घेतलं.