पडवीतल्या फेऱ्या

मुलांनो, तुमच्या मोठ्या आजीची, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंची ही हकिगत तुम्हाला फोनवर तुकड्या-तुकड्यांनी कळली आहे. ती एकदा नीट क्रमाने सांगते.

गेल्या दिवाळीआधी त्या एकट्याच घराबाहेर पडल्या आणि भोरच्या एसटी स्टँडवर सापडल्या. हिर्डोशीच्या गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे माहेरी आता कोणी राहत नाही, हे त्या विसरल्या होत्या. पुन्हा असं झालं तर त्यांना पुण्याच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागेल, असं तुमच्या बाबांनी मला स्पष्ट सांगितलं. पण लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात मी त्यांच्याशिवाय राहिलेली नाही.

दिवाळीत तुमच्यातली थोरली आली आणि तिने पडवीच्या खांबाला एक पांढरी डबी चिकटवली. समोर कोणी हललं की डबीला कळतं आणि माझ्या व तिच्या, दोघींच्या मोबाईलवर सूचना येते. पहिल्या दिवशी दूधवाला, मांजर, पेपरवाला, मी स्वतः, पुन्हा मांजर. मोबाईल ऐकून ऐकून मी मेटाकुटीला आले.

"आजी, एकदा हललं की ओरडायचं नाही, असं तिला शिकवू," थोरली म्हणाली. "थोड्या वेळात बऱ्याचदा हललं, तरच." बाहेर पडण्याआधी मोठी आजी दाराशी येरझारा घालते, हे तिच्या लक्षात आलं होतं. मग डबी फेऱ्या मोजू लागली आणि मांजर सुटलं.

थोरली परदेशी परत गेल्यावर, थंडीतल्या एका सकाळी, मी भाजी फोडणीला टाकत होते. मोबाईल वाजला. हात पुसेपर्यंत तिचा फोनही आला.

"आजी, मोठी आजी निघाली! डबी सारखी मोजतेय. पळ!"

गॅस बंद करून, फोन हातात घेऊनच मी पडवीत धावले. जाऊबाई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होत्या. पाय उचलत नव्हत्या, दोन्ही पावलं फरशीवरून ओढत होत्या. भिंतीशी पोचल्या की वळायच्या आणि आधीच्या रेघेला लागून दुसरी रेघ धरायच्या. पडवी रिकामी होती. फरशीवर फक्त ऊन होतं.

"ताई, कुठं निघालात?"

"कुठं निघतीय? भात घातलंय नव्हं वाळत. दिसंना व्हय तुला? आन् चपला घालून भातात उभी! शिकलेली म्हणं!"

मी मागे सरकले आणि खरंच चपला काढल्या.

तुम्ही हे पाहिलेलं नाही. कापणी-झोडणी झाली की भात अंगणात पसरतात आणि त्यात पाय ओढत चालतात, म्हणजे खालचे दाणे वर येतात आणि ऊन सगळ्यांना लागतं. हिर्डोशीला त्यांनी लहानपणी हेच केलं होतं.

"आजी, काय झालं?" फोनवर थोरली.

"काही नाही. भात वाळतंय."

"कसलं भात?"

माझं नाव या बाईंना आठवत नाही, पण पावलांनी एकही रेघ चुकवली नव्हती. काडेपेटीएवढ्या डबीने त्या फेऱ्या मोजल्या आणि समुद्रापलीकडे तुम्हाला कळलं, की आमच्या पडवीत कोणीतरी चालतं आहे. मी तशीच अनवाणी, थक्क होऊन बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या शेतकऱ्याकडून थोडं भात आणून पडवीत पसरलं. जाऊबाईंनी एक दाणा दाताखाली धरला.

"आजून दमट हाय."

तेच भात रोज संध्याकाळी भरते, रोज सकाळी पसरते. रोज ते दमटच असतं. तेव्हापासून त्या फाटकाकडे फिरकलेल्या नाहीत. वाळत घातलेलं भात चिमण्यांच्या हवाली करून त्या स्टँडवर कशा जातील? तुमच्या बाबांनीही वृद्धाश्रमाचा विषय पुन्हा काढलेला नाही.

थोरलीने आता डबीचा नियम उलटा केला आहे. सकाळच्या फेऱ्या झाल्या, की डबी गप्प बसते. ऊन पडवीत येऊन गेलं आणि फेऱ्या झाल्याच नाहीत, तरच ती वाजेल.

त्या वेळी तुमच्याकडे रात्र असते. मोबाईल वाजला नाही, म्हणजे इथे भात फिरतंय असं समजा आणि कूस बदलून झोपा.