पणबाई आणि त्यांची लेक

कुणी काहीही म्हणो, बाईंचं उत्तर ठरलेलं: "बरोबर आहे, पण..." म्हणून पोरांनी त्यांचं नावच पणबाई ठेवलं होतं. बाई शिकवायच्या जीवशास्त्र. शुक्रवारचा शेवटचा तास मात्र पुस्तक मिटून. विज्ञानाला जे करता येतं ते करावं का, एवढाच विषय. हृदय एक आणि रोगी दोन, द्यायचं कुणाला? माकडाला आजारी पाडून औषध शोधावं का? 'करावं' म्हणणारे खिडकीकडे, 'करू नये' म्हणणारे भिंतीकडे. नियम एकच, पण भांडखोर पोरांना रडकुंडीला आणणारा: आधी समोरच्याची बाजू आपण मांडायची, आणि तीही अशी, की त्यानेच म्हणावं, "हो, हेच म्हणायचंय मला." तोवर स्वतःचं घोडं पुढे दामटायचं नाही. बाई मध्ये, टेबलापाशी. त्यांचं स्वतःचं मत काय, याचा थांग आजवर कुणाला लागला नव्हता.

त्यांची लेकही याच वर्गात. वर्गात 'बाई', घरी 'आई'. नुकतीच तिला अठरा पूर्ण झाली होती. एका शुक्रवारी प्रश्न तिनेच मांडला.

"एका मुलीच्या आजीला, म्हणजे आईच्या आईला, रक्तातून उतरणारा आजार होता. पंचेचाळिशीत हात थरथरायला लागले, मग ती माणसं ओळखेना. मुलीला तपासणी करून घ्यायची आहे. आईला मात्र स्वतःचं काही जाणून घ्यायचं नाही. आता मुलीत दोष निघाला, तर तो आईकडूनच आलेला. म्हणजे आईलाही न विचारता कळणार. मुलीने तपासणी करावी का?"

बाईंनी लेकीकडे रोखून पाहिलं. कार्टी! घरी महिनाभर हाच वाद चालू होता आणि रोज दार आपटून संपत होता. ते भांडण हिने थेट फळ्यापुढे आणून ठेवलं!

"आईने दुसरीकडे राहायला जावं," मागच्या बाकावरचा लंबू म्हणाला. वर्ग खो खो हसला.

लेक हसली नाही. "बाई, आज तुम्हीही बाजू घ्या."

पोरांनी बाकं बडवली. इलाज नव्हता. बाई भिंतीकडे गेल्या, लेक खिडकीशी उभी. नियमाप्रमाणे बाईंनी आधी लेकीची बाजू मांडली. "तिला पुढचं ठरवायचंय. काय शिकायचं, मूल होऊ द्यायचं की नाही. आईला भीती वाटते म्हणून तिने अंधारात का चाचपडावं?"

"हो, हेच," लेक म्हणाली. मग तिची पाळी आली. "आई घाबरट आहे."

"हे नव्हे."

"आईला मरणाची भीती वाटते."

"अजून नाही."

आईला नेमकं काय वाटतं हे लेकीला खरोखरच ठाऊक नव्हतं, आणि आता तिला ते जाणून घ्यायचं होतं. "आईला वाटतं... दोष निघालाच, तर तो तिनेच मला दिला. मग ती माझ्याकडे कधीच पहिल्यासारखी बघू शकणार नाही."

'मला' ऐकताच ही मुलगी कोण ते वर्गाला कळलं, आणि लंबूने मान खाली घातली.

"हो," बाई कशाबशा म्हणाल्या. "हेच म्हणायचंय मला."

घरी आल्यावर वेगळीच पंचाईत. लेक म्हणे, "राहू दे, मी नाही करत." आई म्हणे, "तू थांब, आधी मी करते. माझ्यात नसेल तर तुझ्यात कुठून येणार?" कालपर्यंत एकीने ओढायचं नि दुसरीने अडवायचं, आता दोघी एकमेकींच्या बाजूने हमरीतुमरीवर! हसावं की रडावं? शेवटी आईने हट्टाने तपासणीसाठी रक्त दिलंच.

निकालाच्या दिवशी लेक दवाखान्यातल्या बाकावरच बसून राहिली. "तू जा आत. मला इतक्यात नाही जाणून घ्यायचं."

बाई दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "अगं, मी बाहेर आले की माझं तोंड बघून तुला कळेलच की!"

इतका वाद घातला, आणि हे एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"आई, एक विचारू? आजीने तुला हे दिलं असेल म्हणून तिचा राग आला कधी?"

"छे! तिचं काय चुकलं त्यात? तिच्या हातात का होतं ते?"

"मग?" लेक उठली आणि तिने आईचा दंड धरला. "चल. मीही येते आत."