रिठ्याचं पाणी आणि सुजाताची सून

डोक्यावर तेल, तेलावर सीरम, सीरमवर रस्त्याची धूळ, असा थर बसतो ना, तसेच स्टाफरूममधले किस्से एकावर एक बसत जातात. कुणीतरी नख लावलं की निघायला लागतात. आमच्या विश्रांतवाडीच्या शाळेत गेल्या वर्षी सगळे किस्से केसांवरूनच निघाले, आणि त्याला कारण आमची सुजाता गायकवाड.

सुजाता गणित शिकवते. तिचा दरारा असा, की ती जिन्यात दिसली की मुलं न सांगता रांग करतात. तर हिच्या डोक्याला खाज सुटली आणि डॉक्टरांनी काही महिने शाम्पू बंद करायला सांगितला. मग काय, तेल, रंग, जेल, सगळं डोक्यावर मुक्कामाला! केस इतके चिकट झाले, की ही बाई गाडीवरून उतरली तरी स्कार्फ सोडेना. त्यात उन्हाळ्यात मुलाचं, निखिलचं लग्न.

"लग्नात काय स्कार्फ बांधून विहीणबाईंसमोर उभी राहू?" ती वैतागून म्हणाली.

"राहा की," देशपांडे बाई म्हणाल्या. "मुलाची आई पुण्याची आहे, हे लांबूनच कळेल."

देशपांडे बाई संस्कृत शिकवतात. राहायला सदाशिव पेठेत, आणि बोलायलाही तिथल्याच.

०

खरी गोम केसांत नव्हतीच. होणारी सून प्रज्ञा ही सुजाताचीच जुनी विद्यार्थिनी. येरवड्याची मुलगी, आता आयटीत चांगल्या नोकरीला. निखिलशी तिची ओळख ऑफिसात झाली, आणि आपण कुणाच्या मुलाच्या प्रेमात पडलोय हे बिचारीला फार उशिरा कळलं.

साखरपुड्याला सुजाता खोलीत शिरली, तर ही पोरगी ताडकन उभी राहिली. "गुड इव्हनिंग, मॅडम." तिच्या मागचे दोन चुलतभाऊही उठले. तेही आमच्याच शाळेतले.

चहा घेतेस का विचारलं, तर "येस मॅडम." घरी येत जा म्हटलं, तर "ओके मॅडम."

दुसऱ्या दिवशी सुजाताने डबा उघडला आणि तसाच ठेवला. "मला मुलगी नाही गं," ती मला म्हणाली. "वाटलं होतं, सून आली की आई म्हणेल. ही जन्मभर मॅडमच म्हणणार. नववीत अख्खा तास उभी केली होती मी तिला."

मला फार वाईट वाटलं. देशपांडे बाईंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी स्वतःच्या डब्यातली वडी तिच्यापुढे सरकवली. यावर उपाय कुणाकडेच नव्हता, म्हणून आम्ही निदान केसांचं तरी बघू म्हटलं.

०

पहिला सल्ला माझा होता. बेसन आणि दही. मी चित्रकला शिकवते, तेव्हा कालवाकालव करण्यावर माझा विश्वास आहे.

सुजाताने सकाळच्या घाईत ते डोक्याला चोपडलं आणि गीझरचं कढत पाणी घेतलं. आता बेसनाला कढत पाणी लागलं की काय होतं, हे जन्मभर पिठलं केलेल्या बाईला मी सांगायला हवं होतं का? नववीच्या वर्गात ती फळ्यावर लिहीत होती आणि स्कार्फमधून खांद्यावर पिवळा चुरा पडत होता.

पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, भजी पडतायत."

सुजाता दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी सगळं देशपांडे बाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओवा घातला होता का?"

०

दुसरा सल्ला मोबाइलचा. व्हिनेगर तांब्याभर पाण्यात चमचा-दोन चमचे घालायचं असतं. हिने अर्धी बाटली ओतली. गणिताची बाई, आणि प्रमाण चुकली!

त्याच दिवशी साड्या घ्यायला आम्ही स्वारगेटच्या बसने निघालो. सुजाताच्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. त्या बराच वेळ नाक इकडेतिकडे फिरवत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "अहो ताई, बरणी नीट धरा. कैरीचं आहे का लिंबाचं?"

आम्ही पुढच्याच स्टॉपला उतरलो.

०

मग देशपांडे बाईंनी तोंड उघडलं. त्यांनी आयुष्यात शाम्पूला हात लावलेला नाही, आणि निवृत्तीला आल्या तरी वेणी मनगटाएवढी. "रिठे, शिकेकाई आणि आवळकाठी रात्री भिजत घालायची. सकाळी उकळून गाळायची. कोमट झालं की डोक्यावर ओतायचं, आणि डोळे गच्च मिटायचे. डोळ्यांत गेलं तर ब्रह्मांड आठवतं."

"बाई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं नाही."

पाणी नीट उकळलंय का ते बाईंना दाखवायला सुजाताने ते थर्मासमधून शाळेत आणलं. नेमके त्याच दिवशी तपासणीला एक साहेब आले. मुख्याध्यापक म्हणाले, साहेबांना कोरा चहा लागतो. मी टेबलावरचा थर्मास उचलला आणि कप भरला. रंगही अगदी तसाच होता हो!

साहेबांनी घोट घेतला. मिशीला फेस आला. त्यांनी कप खाली ठेवला, रुमालाने मिशी पुसली आणि म्हणाले, "शाळेत स्वच्छतेवर भर दिसतो. तसं लिहितो."

मुख्याध्यापक अजूनही ते कौतुकच समजतात.

पण पाणी लागू पडलं. दोन-तीन न्हाण्यांत थर सुटला आणि सुजाता एका सोमवारी स्कार्फ सोडून स्टाफरूममध्ये आली. केस हलके, भुरभुरणारे. लग्नादिवशी हॉलवरच न्हायचं तिने ठरवलं, कारण घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि बाथरूमला नंबर लागत नव्हता.

०

लग्नाच्या सकाळी मी आणि देशपांडे बाई लवकरच हॉलवर गेलो. सुजाता बौद्ध लग्नात नेसतात तशी पांढरी शुभ्र साडी नेसून, रिठ्याच्या पाण्याची बाटली हातात घेऊन न्हायला निघाली होती. साडी आधी नेसून मग न्हाणारी ही एकच बाई, पण त्या दिवशी तिला काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात वधूच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. आदल्या दिवशीच्या हळदीला प्रज्ञाच्या केसांवर इतका स्प्रे मारला होता, की कंगवा आत जाईना. गेला तो बाहेर येईना. पार्लरवाली वाटेत अडकलेली, आणि फोनवरून ओरडत होती, "शाम्पू लावू नका, कालच रंग केलाय!" प्रज्ञाची मम्मी डोक्याला हात लावून बसली होती.

सुजाताने एकदा बाटलीकडे पाहिलं. त्यात एका डोक्यापुरतंच पाणी होतं. मग तिने पदर खोचला आणि म्हणाली, "चल."

प्रज्ञा उभीच होती. "येस मॅडम," ती म्हणाली.

बाथरूमचं दार लागलं. बाहेर आम्ही तिघी, मी, देशपांडे बाई आणि मम्मी, कान लावून. आतून तांब्याचा आवाज येत होता. मध्येच सुजाताचा वर्गातला आवाज आला, "मान खाली. आणखी खाली. डोळे मीट." मग बराच वेळ नुसतं पाणी.

आणि एकदम प्रज्ञा कळवळली, "आई, थांबा ना, डोळ्यांत गेलं!"

माझ्या शेजारच्या मम्मीने तोंडाला पदर लावला. आतला तांब्या थांबला. पाण्याचा आवाज बंद.

देशपांडे बाईंनी दारावर टकटक केलं.

"सुजाता, रड नंतर. आधी पोरीच्या डोळ्यांवर पाणी मार."