शेटला चारशे सांगणे

नानांनी मला बावीस वर्षं फसवलं. त्यापायी भाड्याची कॅम्पर गाडी तलावकाठच्या चिखलात आसापर्यंत रुतली आणि माझ्या बायकोची सहल बुडाली. गाडी रुतली तेव्हा नाना हयात नव्हते. करणी मात्र त्यांचीच.

नाना पाटबंधारे खात्यात मुकादम होते. निवृत्तीनंतर धुळ्याला देवपुरात घर बांधून राहिले. त्यांची एक सवय होती. कुठल्याही नव्या जमिनीवर गेले की आधी चपला काढायचे, मग डोळे मिटून चार-पाच पावलं चालायचे. बघणाऱ्याला वाटावं, काही नवस फेडतायत. ते म्हणायचे, "जमीन पायले सांगस, कानले नही."

अमळनेरला मी गोडाऊन बांधायला काढलं तेव्हा कोणीतरी त्यांना घेऊन आलं. काळी, फुगणारी माती. नाना प्लॉटभर अनवाणी फिरले आणि म्हणाले, "पाया दहा फूट."

मी हातगाडीवर जुने पंप विकत वर आलेला माणूस. समोरच्याने सांगितलेला आकडा निम्मा केल्याशिवाय मला घास जात नाही. मी म्हणालो, "मंदिर बांधायचंय का नाना? पाच." अर्धा तास आमचं वाजलं. मी चहाचा कप आपटून फोडला. शेवटी नानांनी उपरण्याने तोंड पुसलं. "तुन्हापुढे मी हारनू, शेट. पाच ते पाच." त्या गोडाऊनला आजवर एक तडा नाही. मी हे चारचौघांत सांगत असे आणि नाना शेजारी बसून मान डोलवत असत.

ते पुढे माझ्या प्रत्येक कामात आले आणि प्रत्येक वेळी हरले. विहीर, कूपनलिका, शेताचा बांध. बोलायला गोड, आकडा सांगायला भारी आणि भांडायला कच्चा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला त्यांची थोडी कीवच यायची.

सहलीचं खूळ मंदाचं, माझ्या बायकोचं. तिचे गुडघे गेलेत. खाली बसता येत नाही, त्यामुळे दोन वर्षं ती कुठे मुक्कामाला गेली नव्हती. लग्नघरी गेली तरी संध्याकाळी परत. मग धुळ्यात एकाने भाड्याने द्यायला जुन्या मिनीबसमध्ये पलंग, ओटा आणि कमोडची खोली केलेली तिने पाहिली. आत चढून कमोडवर बसून पाहिलं आणि म्हणाली, "यात मी कुठेही येईन. फक्त पाणी दिसलं पाहिजे. सकाळी उठल्यावर खिडकीतून बदकं."

धरणाच्या फुगवट्याला वनखात्याचं एक उद्यान आहे. थंडीत तिथे पाखरं उतरतात आणि काठाला दलदल असते. बेत आखायला मी नानांकडे गेलो. पावसाळाभर आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो. नानांच्या मांडीवर निळी डायरी असायची.

"एक रात राहू," नाना म्हणाले.

"एवढी यातायात एका रात्रीसाठी? दोन."

"बरं. निंघानं सहाले."

"सहाला मंदाचे गुडघे हलत नाहीत. सात."

"भरीत गाडीमातल्या गॅसवर करू."

"गॅसवर भरीत? लाज वाटते का नाना? कपाशीच्या काड्या टपावर बांधा."

सगळं माझ्याच मनासारखं ठरलं. नानांची बायको, अक्का, चहा देताना पदराआड हसत होती. मला वाटलं, नवऱ्याची फजिती तिला आवडते.

एकच गोष्ट राहिली. गाडी पाण्यापासून किती लांब लावायची? नाना म्हणाले, "ते तठे गयावर सांगसू."

दिवाळीनंतर नाना गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. सहल रद्द करावी असं मला वाटलं. अक्कानेच निरोप पाठवला, मंदाला घेऊन जा, त्यांनी एवढं आखलंय.

आम्ही सातला निघालो. टपावर काड्या होत्या. उद्यानाचा चौकीदार पुढे आला. "शेट, पाण्यापासून दोनशे पावलं लांब लावा. वरून कोरडं दिसतं, खाली लोणी आहे."

"शंभर," मी म्हणालो.

"अहो, हा काय भाजीचा भाव आहे का?"

"मला शिकवू नकोस. शंभर."

"तुमची गाडी," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

नाना असते तर त्यांनी चपला काढल्या असत्या. मी बूट घातले होते. चालकाला मी हात केला. मागचं डावं चाक आधी गेलं, मग पुढचं. टपावरच्या काड्या सोडून चाकांखाली घातल्या, त्याही आत गेल्या. गाडी अशी कलली की कमोडचं दार उघडेना. मंदा पलंगाची कड धरून बसली होती. एका खिडकीतून नुसतं आभाळ दिसत होतं, दुसरीतून चिखल. बदकं कुठल्याच खिडकीत नव्हती. ट्रॅक्टर यायला चार तास लागले. तेवढ्यात तिला जे अवघडायचं ते अवघडलं. गाडी निघाली तशी आम्ही मुक्काम न करताच घरी परतलो.

आठवड्याने देवपूरला गेलो. अक्काने निळी डायरी पुढे ठेवली. नानांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं:

"मुक्काम दोन रात्री. शेटला एक सांगणे. निघणे सात. शेटला सहा सांगणे. भरीत काड्यांवर. शेटला गॅस सांगणे. पाण्यापासून दोनशे पावलं. शेटला चारशे सांगणे."

मी विचारलं, "अक्का, गोडाऊनचा पाया?"

"पाचच व्हता भाऊ. तुले दुप्पट सांगानं, तू निम्मं करस, मंग बरोबर व्हस. ते म्हणेत, शेट खुश, काम बी बरोबर. बठ्ठास्ले माहीत शे."

बठ्ठास्ले. म्हणजे सगळ्यांना. मी घरी येऊन मंदाला विचारलं. ती पोळी लाटत होती, वर न बघता म्हणाली, "तुम्हाला दुप्पट सांगायचं असतं, हे लग्नानंतर चार महिन्यांनीच कळलं होतं मला."

आता ती पुन्हा तलावावर जायचं म्हणते. परवा मी विचारलं, या वेळी गाडी कुठे लावायची? ती म्हणाली, "तीनशे पावलं."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. हा खरा आकडा की माझ्यासाठी काढलेला? तीनशे मानू की दीडशे? विचारलं तर ती नुसती हसते. नाना, बावीस वर्षांत एकदा, फक्त एकदा, मला खरा आकडा सांगायला काय हरकत होती? माझी सवय तुम्ही पोसलीत आणि मधूनच उठून गेलात. त्या चार तासांचा जबाब कोण देणार? मी अर्धा जबाब घेणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.