अनोळखी माणसाला दार उघडू नका

पोलादपूरच्या त्या सभागृहात व्यासपीठामागे हीच पाटी लावली होती, आणि पाटीखाली माझ्या काकीला खुर्ची देऊन बसवलं होतं. तालुक्यातल्या एका संस्थेने ज्येष्ठ नागरिकांच्या सुरक्षेसाठी शिबिर भरवलं होतं. मी महाडात शाळेत शिकवून निवृत्त झाले, म्हणजे मीही आता ज्येष्ठच, म्हणून मला समितीवर घेतलेलं. खरं कारण एवढंच की फोटोत बायका कमी पडत होत्या.

आई लवकर गेली, मला काकीने वाढवलं. काका गेल्यापासून ती आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या आमच्या वाडीत एकटीच राहायची. एकुलता मुलगा मुंबईला. घराला कुलूप लाव आणि इकडे ये म्हणून तो कधीचा तिच्या मागे लागला होता, पण ती ऐकत नव्हती. तिकडे माणूस दारावरून जातो आणि आत डोकावतही नाही, असलं मला सोसायचं नाय, म्हणायची. तिचं दार उजाडताच उघडायचं ते दिवेलागण झाल्यावरच लागायचं. येणारा-जाणारा ओटीवर टेकायचा, पाणी प्यायचा, कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लग्न ठरलं ते सांगून जायचा. त्याच्यावर तिचा दिवस निघायचा.

आमच्याकडे कुणी मुंबईहून गावाला निघालं की सगळ्यांच्या पिशव्या त्याच्या गळ्यात पडतात. परत जाताना गावच्या पिशव्या. आणणाऱ्याला फक्त "कुणाचा रे तू?" एवढंच विचारतात. त्याने बापाचं, आज्याचं नाव सांगितलं की झाला तो आपला. मग त्याच्या हाती तांदूळ द्या, नाहीतर जीव द्या.

तर त्या उन्हाळ्यात काकीकडे असाच एक जण पिशवी घेऊन आला. पिशवीत लुगडं आणि बिस्किटांचे पुडे. तुमच्या मुलाने पाठवलंय म्हणाला, नातीला बघायला पाहुणे यायचेत, तिच्या गळ्यात घालायला तुमची बोरमाळ मागितलीय. नातीचं नाव बरोबर, काकांचं नाव बरोबर. वाडीत फोनला रेंज नाही, वरच्या वळणावर जावं लागतं, आणि त्याची गाडी खाली रस्त्यावर खोळंबलेली. काकीने माळ फडक्यात बांधली, फडकं कुळथाच्या पिठात खुपसलं आणि पिशवी त्याच्या हातात दिली. वर चहा पाजला. मेल्याने दोनदा मागून घेतला, आणि पीठसुद्धा सोडलं नाही.

त्याला नावं कुठून कळली म्हणता? अहो, नाक्यावर फ्लेक्स झुलत होता की! नात नर्सिंगची परीक्षा पास झाली म्हणून मुंबईकर मंडळींनी तिचं अभिनंदन केलेलं. तिचा फोटो, बापाचं नाव, आज्याचं नाव, वाडीचं नाव, आणि खाली रांगेने दात दाखवणारे शुभेच्छुक. आमच्याकडे पोराला पहिला दात आला तरी फ्लेक्स लागतो. चोराला आणखी काय हवं होतं, घरापर्यंत सोडायला माणूस?

पण शिबिरात फ्लेक्सविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. कसा काढणार, त्यातले अर्धे शुभेच्छुक पहिल्या रांगेत बसले होते. पुण्याहून आणलेल्या वक्त्याने पडद्यावर चित्रं दाखवली. दाराला बारीक भिंगाचं भोक, फाटकावर कॅमेरा, मोबाईलमध्ये ॲप. अनोळखी माणसाला पाणी देऊ नका, त्याच्याशी बोलू नका, एकटे राहू नका. एकटे राहू नका! जणू म्हातारी माणसं हौस म्हणून एकटी राहतात. मी शेजारच्या बाईंना म्हटलंही, ह्याला एक पावसाळा वाडीत ठेवायला हवा. त्यांनी मला गप्प बसायची खूण केली.

मग त्याने काकीपुढे माईक धरला. अनुभवकथन म्हणे. गोड आवाजात विचारलं, आजी, त्या माणसाला तुम्ही आधी कधी पाहिलं होतं का?

"नाय."

"मग अंगावरचं सोनं दिलंत कसं?"

"त्याला नाय दिलं," काकी म्हणाली. "माझ्या पोराला दिलं."

सभागृह खो खो हसलं. इतकं सरळ उत्तर, आणि त्यावर माणसं हसली. वक्ता बोट नाचवत म्हणाला, बघा, असा भोळेपणा आपल्याला घातक ठरतो. काकी खाली मान घालून पदर तोंडाशी धरून बसली. ज्या बाईने काकांच्या मागे भातशेती एकटीने ओढली, तिला ह्या उपऱ्याने चारचौघांत बावळट ठरवलं. मी उठून सरळ व्यासपीठावर गेले आणि तिला हाताला धरून खाली आणलं. अध्यक्ष मागून म्हणत होते, मॅडम, सत्कार राहिलाय. सत्कार म्हणजे गुलाबाचं फूल आणि गळ्यात अडकवायची शिट्टी. संकटात वाजवा म्हणे. अर्ध्या वाडीला कुलपं आहेत, ऐकणार कोण, वानरं?

दुसऱ्या दिवशी काकीचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. नाव, वाडी, आणि वर ठळक अक्षरांत: ‘एकट्या राहणाऱ्या आजींना सुरक्षेचे धडे.’ मी अध्यक्षांना फोन करून सांगितलं, चोराला पत्ता पुरवायचा मक्ता घेतलाय का तुम्ही? ते म्हणाले, मॅडम, तुम्ही फार निगेटिव्ह घेता. मी समितीतून बाहेर पडले. त्यांना काही फरक पडला नाही, फोटोपुरती दुसरी बाई मिळाली.

भात कापून झाल्यावर मी वाडीत गेले. टळटळीत दुपार होती आणि काकीचं दार बंद होतं. आमच्याकडे दिवसाढवळ्या दार बंद दिसलं की माणूस आधी दचकतो. मी धावतच ओटीवर चढले आणि हाका मारल्या. बऱ्याच वेळाने खिडकीची फळी जराशी हलली. तिने मला खालपासून वर न्याहाळलं, माझ्या मागे कुणी आहे का तेही पाहिलं, आणि मग कडी काढली. मी आत गेल्याबरोबर पुन्हा लावली.

आत काळोख होता. परसातलं दारही लावलेलं. मी म्हटलं, काकी, अगं हे काय? ती म्हणाली, कुणी आलं तर आता गप बसून राहते, जातात मग कंटाळून. गेल्या आठवड्यात पलीकडची म्हातारी ताक घेऊन आली, तर तिलाही हिने ओ दिली नव्हती. ती परत आलीच नाही. मला त्या वक्त्याला आणून तिथे, त्या काळोखात बसवावंसं वाटलं. मी तावातावाने बोलत सुटले, दार उघड म्हटलं, मी इथे राहते चार दिवस म्हटलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"त्याला फोन लाव गो," ती म्हणाली. "येऊन ने म्हनावं मला. दार लावूनच बसायचं तर हितं काय न् तिकडं काय."

मी वरच्या वळणावर जाऊन फोन लावला. काकी यायला तयार आहे, एवढंच सांगितलं, जास्त बोलले असते तर रडले असते. पलीकडे त्याचा आवाज एकदम मोकळा झाला.

"बरं झालं ताई," तो म्हणाला. "म्हणजे शिबिराचा उपयोग झाला."