वाटेपलीकडची कबर

१ नोव्हेंबर. सकाळी नवऱ्याच्या कबरीवरचं गवत काढायला गेले. सासूबाई बरोबर होत्या. पावसाळा संपला की लोणावळ्याच्या कबरस्तानात गवत कमरेपर्यंत आलेलं असतं, आणि नव्या कबरीवर जास्तच, कारण तिथली माती सैल असते. फरशी अजून बसवलेली नव्हती. गवंडी म्हणाला होता, एक पावसाळा जाऊ द्या, माती बसू द्या, नाहीतर फरशी तडकेल. त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी कॅथलिकांचा मृतांचा दिवस. कबरस्तान एकच आहे, मधून पायवाट जाते. डावीकडे कॅथलिक, उजवीकडे प्रॉटेस्टंट. त्या दिवशी सकाळी फादर येतात, मृतांसाठी मिस्सा, म्हणजे आमचा प्रार्थनाविधी, होते, आणि मग ते पवित्र पाणी शिंपडत डावीकडच्या कबरींमधून फिरतात. वाट ओलांडत नाहीत. उजवीकडच्यांना ते नकोच असतं.

मी जन्मानं डावीकडची, लग्नानं उजवीकडची. आईवडील त्या बाजूला, नवरा या बाजूला. त्यामुळे साफसफाई दोन्हीकडची माझ्याकडेच.

सासूबाई नगरकडच्या. आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. तारण, म्हणजे आत्म्याची सुटका, विश्वासानं होतं, कर्मांनी नाही, आणि जे काही व्हायचं ते माणूस जिवंत आहे तोवरच, हे त्या ताप मोजून सांगावा तसं सांगत. माझ्या माहेरच्यांनी कुणासाठी मिस्सा ठेवली की म्हणायच्या, "मेल्यावर वशिला चालत नाही गं. ती काय तहसील कचेरी आहे?" मी म्हणायचे, "वशिला नाही आई, आठवण." मग त्या त्यांच्या कामाला लागायच्या, मी माझ्या. भांडण कधी झालं नाही.

नवऱ्याचं वलवणला जुन्या हायवेवर गॅरेज होतं. घाटात अपघात झाला की लोक आधी त्याला फोन करायचे, मग पोलिसांना. जखमींना पिकअपमध्ये घालून न्यायचा. सीटची कव्हरं मी धुवायची. रक्त थंड पाण्यानं जातं, गरम पाणी घातलं तर डाग पक्का होतो. चर्चमध्ये मात्र तो जात नसे. गेल्या वर्षी गुड फ्रायडेला आईनं फारच लावून धरलं, तेव्हा जेवता जेवता म्हणाला, "आई, मला त्यातलं काहीच खरं वाटत नाही. खोटी मान हलवून काय करू?" सासूबाईंनी त्याला आमटी वाढली. विषय तिथंच संपला.

मेमध्ये तो गॅरेजमध्ये उभ्या उभ्या गेला. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "शेवटी काही म्हणाला का?" मला खोटं सुचलं नाही. म्हटलं, "कामगाराला म्हणाला, पाना दे." त्या म्हणाल्या, "बरं."

मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. लोक मला खंबीर म्हणतात. तसं काही नाही. दात काढताना हिरडी बधिर करतात, तसं आहे. आत काहीतरी चाललंय एवढं कळतं.

तर गवत. कबरस्तानातलं गवत कापायला औंढ्याचे एक आबा येतात. सासूबाईंना ते दवाखान्यापासून ओळखतात. आम्हाला खाली वाकलेलं बघून विळा घेऊन आले.

"सरका नर्सबाई, तुमचं काम न्हाई ते. सुई टोचायची सवय तुमची."

"तुम्ही किती ओरडायचात, आठवतंय मला," सासूबाई म्हणाल्या.

आबांनी दोन-चार हात मारून अर्धी कबर मोकळी केली. मग म्हणाले, "तुमच्यात पितरपाटा न्हाई व्हय? कावळा न्हाई, घास न्हाई?"

"नाही. आमच्यात माणसाचं जिवंतपणीच ठरतं."

"ते बेस. कावळ्याची वाट बघत बसाया नगं." विळा चालूच होता. "ह्ये भाऊ तर सरळ वरच गेलं आसत्याल. आमची म्हातारी पडली तवा ह्येंनीच गाडीत घालून नेली. डिझेलचं इचारलं तर शिवी दिली मला."

"कर्मांनी कोणी वर जात नाही, आबा," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ते आपोआपच निघालं.

"मंग कशानं जात्यात?"

"विश्वासानं."

"आन् त्यो व्हता का भाऊंच्यात?"

त्यांनी सरळच विचारलं होतं, त्यात खोच नव्हती. सासूबाई गवताची पेंढी हातात धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "आबा, ती पलीकडची दोन्ही थडगी पण करा," आणि त्यांना माझ्या आईवडिलांकडे घेऊन गेले.

हात धुवायला नळावर आलो तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "उद्या तुझे फादर किती वाजता येतात?"

"सकाळी, मिस्सा करायला. का?"

"इकडे येतील का ते?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या नळाकडे बघत होत्या.

"तुमचा विश्वास नाही ना आई, त्यावर."

"नाहीच." त्यांनी हात पदराला पुसले. "पण माझ्या हिशेबानं तो तारणाविना गेला. तुझ्या हिशेबात त्याला जागा आहे का, तेवढं विचार."

माझ्या हिशेबात काय आहे, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आम्हाला लहानपणी शिकवलं होतं की विश्वास हवा आणि कृतीही हवी, आणि जे अपुरं राहतं त्यासाठी मागे राहिलेल्यांनी मागावं. पाठ होतं, जीभ वळत होती. पण त्यातलं काही मनाला लागेना. एवढंच दिसत होतं की त्यांच्या मुलाचं काय झालं हे त्यांना मेपासून ठाऊक आहे असं त्या समजत होत्या, आणि हे त्या एकट्याच वागवत होत्या.

"विचारते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्सा झाली. फादर पाणी शिंपडत शेवटच्या रांगेपर्यंत आले, तेव्हा मी जवळ जाऊन म्हटलं, "फादर, वाटेपलीकडे एक कबर आहे."

"आपल्यातले होते?"

"नाही. प्रॉटेस्टंट मंडळीतले. पण तिथंही जात नव्हते. विश्वास नाही म्हणायचे."

फादर तरुण आहेत. डावीकडचे सगळे बघत होते. मग ते वाट ओलांडून आले.

सासूबाई कबरीशी डोक्यावरून पदर घेऊन उभ्या होत्या. त्यांनीच आधी विचारलं, "या पाण्यानं होतं का काही?"

"मला सांगता येणार नाही, आई. ते देवाकडे. आपण मागायचं."

"मागते मी. रोज मागते. आमच्यात मागायचं नसतं, तरी मागते."

हे मला माहीत नव्हतं.

फादरांनी नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी सांगितलं, दवाखान्यात पेशंटचं सांगतात तसं, आधी आडनाव, मग त्याचं, मग बापाचं. फादरांनी ते नाव घेऊन प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं. आम्ही आमेन म्हणालो.

ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मागच्या फाटकानं जाऊ. आमच्या चर्चच्या पाळकांना कुणीतरी सांगेल."

मागच्या फाटकाकडे चिखल होता. मी त्यांचा दंड धरला आणि मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या समोरून, पुढच्या फाटकानं त्यांना बाहेर नेलं.